‘आमची ऋणे सोड’ म्हणताना गप्प होणाऱ्या बाईंना

ताई, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. वडील गेल्यावर त्यांचं शहरातलं घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर आलं. चार वर्षांपूर्वी दादानं मला आणि आईला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. ‘आईच्या ऑपरेशनसाठी घरावर कर्ज काढायचंय, तुमच्या सह्या लागतात,’ म्हणाला. मी कागद वाचला नाही. सख्खा भाऊ, त्यातून आमच्या चर्चच्या मंडळीचा पंच. ते हक्कसोडपत्र होतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या शेजारणीकडून कळलं की घर विकलं गेलं. आई तेव्हा माझ्याकडेच होती. ‘मला माझ्या घरी ने,’ म्हणत होती, आणि घर राहिलं नाही हे तिला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं. शेवटी कळलंच. गेल्या वर्षी ती गेली. दादा दफनविधीला आला, माती टाकली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. आपलं चुकलं असं त्यानं आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

आता त्याला अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. भाचा फोन करतो, ‘आत्या, पप्पा तुझं नाव घेतात.’ आमचे पाळकसाहेब म्हणाले, ‘तुम्ही क्षमा केली नाही तर प्रभू तुम्हाला क्षमा करणार नाही.’ तेव्हापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ या एका ओळीला माझे ओठ मिटतात. सगळी मंडळी म्हणते आणि मी गप्प. आणखी एक सांगते, कुणाला सांगितलं नाही. दादाला झटका आल्याचं कळलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की देवानं बरोबर केलं. देव त्याच्यावरही माझ्याइतकंच प्रेम करतो का? मग आईच्या रडण्याचं काय? आणि क्षमा करायची म्हणजे घराबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही, असंच ना?

– एक भगिनी

प्रिय बाई,

शाळेत तुम्हाला ‘बाई’ म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते.

सगळ्यात आधी ‘देवानं बरोबर केलं’ या विचाराबद्दल, कारण झोप त्यानंच उडवलेली दिसते. अर्धांगवायू हा देवानं दादाला पाठवलेला निकाल नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापानं? येशूनं दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, हा प्रश्न त्यानं स्वतःच काढला आणि ‘नाही’ असं उत्तरही स्वतःच दिलं. तेव्हा दादाच्या आजाराचं श्रेय देवाला देऊ नका आणि स्वतःच्या रागालाही देऊ नका. तुमच्या शापानं कुणाची रक्तवाहिनी बंद पडत नसते.

पण तो विचार मनात आला म्हणून तुम्ही देवासमोर उभं राहायला नालायक ठरलात, असं वाटत असेल तर स्तोत्रसंहितेतलं 109 वं स्तोत्र काढा. उपासनेत ते सहसा कुणी वाचत नाही, आणि का वाचत नाही ते वाचल्यावर कळेल. स्तोत्रकर्ता आपल्या वैऱ्याची मुलं अनाथ व्हावीत, बायको विधवा व्हावी, सावकारानं त्याचं सगळं लुबाडून न्यावं, असं सरळ देवालाच सांगतो. ज्यांनी पवित्र शास्त्राचं संकलन केलं त्यांनी हे गाळलं नाही. दार लावून घ्या आणि ते स्तोत्र मोठ्यानं वाचा. तुमच्या मनात आलेलं त्याच्यापुढे फारच सौम्य आहे. असला राग भाचेसुनेपुढे, शेजारणीपुढे किंवा महिला मंडळात बोलून दाखवण्यापेक्षा देवापुढे बोललेला बरा. तिथे तो वाढत नाही आणि कुणी तो दुसऱ्या दिवशी चार घरी पोचवत नाही.

आता पाळकसाहेबांचं वचन. ते त्यांनी पदरचं घातलेलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, प्रभूची प्रार्थना शिकवून झाल्याबरोबर, येशूनं ते म्हटलेलंच आहे, आणि त्याची धार बोथट करायचा मी प्रयत्न करणार नाही. मात्र तुम्हाला ते सांगितलं गेलं ते वसुलीच्या नोटिशीसारखं: आधी तुम्ही भरा, मग देव देईल. हा क्रम येशूच्या शिकवणुकीत नाही. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातला चाकराचा दाखला तुम्ही रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलाही असेल. एका राजाचा चाकर त्याचे दहा हजार टॅलेंट देणं लागत होता. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाखाहून अधिक वर्षांची. येशूनं हा आकडा मुद्दामच अशक्य ठेवलाय. चाकर पाया पडून म्हणतो, मला वेळ द्या, सगळं फेडतो. हे तो कशाच्या बळावर म्हणतो कोण जाणे. राजा वेळ देत नाही, हप्ते बांधून देत नाही. कर्जच सोडून देतो. त्यानंतर तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

इथे बहुतेक प्रवचनांत एक गोष्ट सुटून जाते. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. ते कर्ज खरं होतं, किरकोळ नव्हतं. सोबत्यानं काही देणंच नव्हतं असं येशू म्हणत नाही. ‘तुझं नुकसान काहीच नाही, उगाच मनाला लावून घेतेस’ असं कुणी तुम्हाला म्हणत असेल, तर त्याला या दाखल्याचा आधार नाही. घर गेलं ते गेलंच आणि आईची शेवटची वर्षं गेली तीही गेलीच.

आणि क्रम पाहा. राजानं सोडलं ते पहिलं. चाकराची परीक्षा नंतरची. चाकरानं सोबत्याला सोडलं असतं तर ती राजाला दिलेली किंमत झाली नसती. आपल्याला काय मिळालंय ते त्याला कळलं, एवढंच त्यातून दिसलं असतं. ख्रिस्ती विश्वासात देवाची क्षमा ही आपल्या क्षमेची पगारपावती नाही. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. ‘असतानाच’ म्हणजे सुधारल्यावर नाही, पश्चात्तापाचा अर्ज मंजूर झाल्यावर नाही. सहाव्या अध्यायातलं ते कडक वचन मी ह्या उजेडात वाचते. ज्या मुठीत दुसऱ्याची मानगूट आवळलेली आहे त्या मुठीत काही घेता येत नाही. देणाऱ्यानं हात आखडता घेतला असा त्याचा अर्थ मला लागत नाही.

तुम्ही मात्र कुणाची मानगूट धरलेली नाही, बाई. चाकराला आपण काही वावगं करतोय असं वाटतच नव्हतं. तुम्हाला रात्रभर झोप नाही. ‘मी करणार नाही’ आणि ‘मला जमत नाही’ ह्यात फार अंतर आहे, आणि येशूला ते अंतर ठाऊक होतं. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप त्याला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. इतकं अर्धवट बोलणं येशूनं मान्य केलं आणि मुलगा बरा केला. तुम्हीही तेवढंच म्हणा: प्रभू, मला क्षमा करावीशी वाटावी असं तरी वाटू दे. त्या ओळीला ओठ मिटत असतील तर मिटू द्या. खोटं म्हणण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. फक्त उपासना सोडू नका, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी ‘आज बरं नाही’ म्हणून घरी बसू नका. प्रभूनं पहिलं भोजन वाढलं तेव्हा मेजावर त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही होता, आणि ‘तुला कधी सोडणार नाही’ म्हणून काही तासांत तीनदा नाकारणारा पेत्रही.

दादावर देव तेवढंच प्रेम करतो का, ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. हो, करतो. आणि हे उत्तर ज्यांना सहज पचतं त्यांचा मला थोडा संशय येतो. येशूनं उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला तेव्हा हे उत्तर न पचलेला एक माणूस त्यानं गोष्टीतच उभा केला: थोरला मुलगा.

हा दाखला वाटणीपासून सुरू होतो हे तुमच्या लक्षात आलंय का? धाकटा बापाच्या हयातीत आपला हिस्सा मागतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्येष्ठाला दुप्पट वाटा, म्हणजे दोघे भाऊ असतील तर धाकट्याला एक तृतीयांश. तो हिस्सा तो घेतो, विकतो, दूर देशी जाऊन उडवतो. पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे: कंगाल होऊन डुकरं चारणं, त्यांच्या शेंगांवर डोळा, परतीची वाट आणि धावत येणारा बाप. बाप त्याला झगा देतो, अंगठी देतो, जोडे देतो, पुष्ट वासरू कापतो. मुलगा म्हणून त्याला पुन्हा घरात घेतो. पाठ केलेली क्षमायाचना पुरी व्हायच्या आतच घेतो.

थोरला शेतातून येतो आणि वाद्यांचा आवाज ऐकून अंगणातच थांबतो. त्याचं म्हणणं तुमच्या पत्रासारखंच आहे. इतकी वर्षं मी राबलो, एकदाही आज्ञा मोडली नाही, मला कधी करडूसुद्धा मिळालं नाही, आणि ह्याच्यासाठी वासरू? तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुझा मुलगा’ म्हणतो. लोक ह्या थोरल्याला फार लवकर खलनायक करतात. बाप तसं करत नाही. धाकट्यासाठी जसा तो घराबाहेर गेला तसाच थोरल्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. आणि म्हणतो, बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

हे शेवटचं वाक्य वाटणीच्या नजरेनं वाचा. उरलेली मालमत्ता थोरल्याची आहे, आणि बाप ती पुन्हा मोडून धाकट्याला दुसरा वाटा देत नाही. धाकट्याला प्रेम सगळं मिळालं, पण उडवलेला हिस्सा परत मिळाला नाही. बापानं मिठी मारली तेव्हा त्यानं हिशेबाची वही फाडली असं दाखल्यात कुठेच नाही. तुमचा तिसरा प्रश्न, घराबद्दल गप्प बसायचं का, त्याचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. बसायचं नाही. दादा भाऊ म्हणून तुमच्या दारात येऊ शकतो, तुम्ही त्याच्या उशाशी जाऊ शकता, आणि त्याच वेळी ते हक्कसोडपत्र फसवून करून घेतलं होतं हे खरं बोलणंही चालू राहू शकतं.

लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयाचंही तेच. येशू त्याच्या घरी आधी पाहुणा म्हणून गेला. ‘लोकांचे पैसे परत कर, मग येतो’ असं म्हणाला नाही. पण तो घरात आल्यावर जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. चौपट हा आकडाही हवेतला नाही. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर त्याबद्दल चार मेंढरं द्यावीत, असं जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. येशूनं त्याला ‘राहू दे, क्षमा झाली, पैशाचं काय एवढं’ असं थांबवलं नाही. ह्या घराला आज तारण झालं, असं म्हणाला.

योसेफाची गोष्ट तर भावंडांचीच. भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकलं होतं. दुष्काळात ते धान्य घ्यायला मिसरात आले, तेव्हा तिथला मोठा अधिकारी झालेल्या योसेफानं लगेच गळ्यात गळा घातला नाही. ओळख लपवली, त्यांना हेर म्हटलं, शिमोनाला ओलीस ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवला. मधूनमधून एकटा जाऊन रडत होता, म्हणजे माया आटली नव्हती. पण धाकट्या भावाला हे पुन्हा वाऱ्यावर सोडतात का, हे त्याला पाहायचं होतं. त्याला विकायचा सल्ला ज्यानं दिला होता तोच भाऊ यहूदा जेव्हा म्हणाला, बन्यामिनाऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा योसेफाला राहवलं नाही. क्षमा एकट्या माणसाला करता येते. विश्वास पुन्हा बसायला मात्र समोरच्यालाही काही करावं लागतं. दादानं अजून काही केलेलं नाही. म्हणून तुम्ही उद्या त्याच्यावर विश्वास टाकावा असं बायबल तुम्हाला सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

आईच्या रडण्याचं काय, हे तुम्ही विचारलंत. माझ्या समजुतीप्रमाणे देवाच्या प्रेमाचा अर्थ तो रडणं विसरतो असा नाही. 56 व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, माझी आसवं तू आपल्या बुधलीत भरून ठेव. तुमच्या आईचीही तिथे आहेत असा माझा विश्वास आहे. क्षमा म्हणजे काहीच झालं नाही असं म्हणणं असतं, तर वधस्तंभाची गरजच नव्हती. वरून एक घोषणा पुरली असती. दहा हजार टॅलेंट सोडणारा राजा तेवढ्यानं गरीब झाला, हे दाखला वाचताना आपण विसरतो. क्षमा करतो त्याच्या खिशातून जातं. म्हणूनच ‘सोडून द्या हो, मन हलकं होईल’ हा सल्ला मला चीड आणतो. मन कधी हलकं होतं, कधी होत नाही. पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि त्यानं ते शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला बोट घालून बघायला सांगितले.

तुम्हाला बहुधा ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण ऐकवलं गेलं असेल. ते अशा वेळी ऐकवतातच. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे मिशनरी पती ग्रॅहम आणि दहा नि सहा वर्षांची दोन मुलं, फिलिप आणि टिमथी, जीपमध्ये जिवंत जाळली गेली. मारणाऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असं ग्लॅडिस यांनी जाहीरपणे सांगितलं आणि बारीपदा इथलं कुष्ठरुग्णांचं काम पुढे चालू ठेवलं. हे सगळं खरं आणि थोर आहे. पण खटलाही चालला, हे सांगणारे सांगत नाहीत. मुख्य आरोपी दारा सिंगला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं 2005 मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. बाईंनी क्षमा केली म्हणून न्यायालयानं फाईल बंद केली नाही, आणि खटला चालू होता म्हणून बाईंची क्षमा खोटी ठरली नाही.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. सिस्टर राणी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी समुंदर सिंग या माणसानं बसमध्ये भोसकलं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनी. त्यांनी तुरुंगात जाऊन समुंदर सिंगच्या हाताला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, आणि 2017 मध्ये इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं गेलं. ह्यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: राखी 2002 मध्ये बांधली गेली. खुनानंतर सात वर्षांनी. धर्मभगिनीचं व्रत घेतलेल्या बाईलाही तुरुंगातल्या त्या भेटीपर्यंत पोचायला इतका काळ लागला. तुमची आई जाऊन एकच वर्ष झालंय. ही उदाहरणं पुलपिटावरून चाबकासारखी वापरली जाऊ नयेत असं मला वाटतं. ज्यांची ती आहेत त्यांनी ती कधी दुसऱ्यावर उगारलेली मी वाचलेली नाहीत.

पाळकसाहेबांना माझा राग समजू नका, पण त्यांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही. पेत्रानं विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणाला, सातच्या सत्तर पट. हे अठराव्या अध्यायाचं बाविसावं वचन. त्याच्या सातच वचनं आधी, पंधराव्यात, येशू सांगतो की भावानं अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव. ऐकला नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी ऐकला नाही तर मंडळीला कळव. दादा पंच होता. मंडळीनं त्याला कधी काही विचारलं का? तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. फसलेल्या बहिणीला बाविसावं वचन ऐकवायचं आणि फसवणाऱ्या पंचाला पंधरावं कधीच ऐकवायचं नाही, ही आपल्या मंडळ्यांची जुनी सवय आहे. बायकांच्या वाट्याला तर बाविसावं फारच वेळा येतं.

कुणी तुम्हाला पौलाचंही सांगेल: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, भावाभावांनी न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा नुकसान सोसावं. ते आहे. पण पुढच्याच वचनात पौल उलट बाजूला वळतो आणि लुबाडणाऱ्यांना झापतो की तुम्ही तर प्रत्यक्ष भावांनाच लुबाडता. आणि तो सांगतो की मंडळीनं आपल्यातला एखादा शहाणा माणूस नेमून तंटा मिटवावा. मंडळी ते करायला तयार असेल तर आनंद आहे, तेच आधी करा. तयार नसेल तर न्यायालयाचं दार ठोठावल्यानं तुमचा विश्वास बाटत नाही. पौलानं स्वतः रोमी सुभेदार फेस्तासमोर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी असा भेद न करता समान. म्हणजे त्या घरात तुमचा वाटा दादाइतकाच होता, तो कुणी तुमच्यावर केलेला उपकार नव्हता. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागण्याची मुदत साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं असते, आणि तुम्हाला कळून दोन झाली. घर त्रयस्थानं विकत घेतलंय, त्यामुळे घर परत मिळेल की दादाकडून रक्कम मागावी लागेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. हक्कसोडपत्राची आणि विक्रीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे काम ह्याच महिन्यात करा. दावा लावायचा की नाही ते नंतर ठरवता येईल, पण मुदत उलटून गेल्यामुळे ‘क्षमा’ करावी लागणं आणि हक्क हातात असताना तो सोडणं, ह्यातला फरक तुम्हाला आयुष्यभर जाणवत राहील. सगळा विचार करून तुम्ही रक्कम सोडून दिलीत तर तीही मोठी गोष्ट आहे. पण ते सोडणं तुमचं असू द्या, कुणी करवून घेतलेलं नको. सह्या करवून घेण्याचा अनुभव तुम्हाला एकदा आलाय.

आणि दादाला भेटायचं की नाही? तुम्ही विचारलेलं नाही, पण भाच्याच्या फोनचा उल्लेख उगाच केलेला नसणार. माझं मत, जा. क्षमा करून झाली म्हणून नव्हे. ती झाली नसली तरी जाता येतं. मात्र जमणारच नसेल, पाय उचलतच नसेल, तर नका जाऊ, आणि त्याचा अपराध मानू नका. शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा, असं पौल रोमकरांना लिहितो. ‘शक्य असेल तर’ हे शब्द त्यानंच घातलेत.

गेलात तर ‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य घेऊन जाऊ नका. ज्यानं मागितली नाही त्याला ती दिली की ती आरोपासारखी लागते, आणि बोलता न येणाऱ्या माणसाला उत्तरही देता येत नाही. तो काय सांगू पाहतो ते आधी ऐका. कदाचित माफी असेल. कदाचित नुसतं पाणी हवं असेल. रडला तर त्याचा लगेच पश्चात्ताप असा अर्थ लावू नका. अर्धांगवायूच्या रुग्णांना आवर न घालता येणारं रडू पुष्कळदा येतं. कागदांचा विषय त्या खोलीत काढू नका. तो भाच्याशी, वेगळ्या दिवशी, स्वच्छ शब्दांत बोला: तुझ्या बापानं माझी सही कशी घेतली ते असं असं झालं, मी नकला काढल्यात, तुला काय वाटतं? त्या पोरानं तुमचं काही वाईट केलेलं नाही, आणि घराचे पैसे कुठे गेले हे कदाचित त्यालाही ठाऊक नसेल.

पहिल्या भेटीला पाळकसाहेबांना बरोबर नेऊ नका. ते प्रार्थना करतील, सगळे आमेन म्हणतील, वहिनी चहा आणेल, आणि तुम्हा दोघा भावंडांना एकमेकांशी जे बोलायचं होतं ते तसंच राहील. भाच्याला सांगा, दुपारी येते, तासभर आम्हाला दोघांनाच बसू दे.